बिवलकर काही सांगत नाहीत

बिवलकरांना किती वाजले असं विचारलं, तर ते घड्याळाचा हात पाठीमागे नेत. भाजीची पिशवी रुमालानं झाकून आणत. "काय काका, आज वांगी का?" असं कुणी विचारलंच, तर "ते सांगता येणार नाही" म्हणून खोलीत शिरत. तापीच्या पाण्याच्या पातळीचा आकडा ज्या सरकारी कचेरीत फोनवरून येई, तिथे ते हेडक्लार्क होते. आकडा गोपनीय. नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर सही केली होती, आणि ती सही वांग्यांनाही लागू आहे असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

सुरतेत आमची चाळ नदीला लागून. मी मराठी शाळेत मास्तर, शेजारी मिलमधली खानदेशी कुटुंबं, कोपऱ्यावर शेठचं किराणा दुकान. पावसाळ्यात वरून पाणी सोडलं की सगळ्यांचा जीव टांगणीला लागे. पाणी येणार की नाही, हे गल्लीत एकट्या बिवलकरांना ठाऊक असे, आणि ते तर कुलूपबंद.

मग आम्ही त्यांच्या तोंडाचा नाद सोडला आणि त्यांच्या खिडकीतल्या लोणच्याच्या बरणीवर नजर ठेवली. ते तळमजल्यावर एकटेच राहत. पाणी चढणार असलं की बरणी मुकाट्यानं माळ्यावर जाई. "मास्तर, बरणी उपर गई के?" शेठ मला रोज विचारी. बरणी गेली की गल्लीतल्या गाद्या वरच्या मजल्यावर जात. बरेच पावसाळे आम्ही असे त्या बरणीच्या भरवशावर काढले.

एका वर्षी बरणी हलली, गल्ली रिकामी झाली, शेठनं तांदळाची पोती हलवली, आणि पाणी आलंच नाही. लोणच्याला बुरशी आली म्हणून काकांनी बरणी धुवायला काढली होती. दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी त्यांना समोर उभं केलं. बातमी कुणी फोडली? न आलेल्या पाण्याची बातमी फुटते कशी, हे उलट विचारायची त्यांची छाती झाली नाही. आणीबाणीचे दिवस. माणसं घरातसुद्धा हळू बोलत. "पेन्शन जाईल हो, मास्तर," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून बरणी खिडकीतून हलली नाही, आणि आम्ही सगळे खरोखर घाबरलो.

त्याच सुमारास टपालानं आलेल्या मराठी पेपरात मी एक लेख वाचला. महाराष्ट्रात सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकायला लोकायुक्त नेमला होता. कचेऱ्या लोकांना माहिती देतात की दडवतात, हे बघायचा अधिकारही त्याला द्यावा, असं लेखकाचं म्हणणं होतं. काकांना धीर येईल म्हणून मी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

ते घामाघूम झाले. "म्हणजे सांगितलं तर साहेब धरणार, नाही सांगितलं तर हा धरणार."

"काका, नुसती सूचना आहे. तीही तिकडची."

"हळू बोला," म्हणत त्यांनी खिडकी लावून घेतली.

पुढच्या पावसाळ्यात नदी फुगली. बरणी जागच्या जागी, म्हणून आम्हीही जागच्या जागी. भर दुपारी काका कचेरीतून आले. या वेळी ते कधी येत नसत. गल्लीतच उभे राहिले. दारात बसलेल्या म्हाताऱ्या जिजाबाईनं विचारलं, "काय व्हयनं, भाऊ?"

काकांनी जिजाबाईला पाठीवर घेतलं आणि जिना चढू लागले. खाली येऊन तिचा स्टोव्ह नेला, मग शेजारच्यांची गादी, मग माझा रेडिओ. कुणी काही विचारलं की मान हलवत. सगळी गल्ली धावू लागली. संध्याकाळी पाणी दारांच्या कुलपांपर्यंत चढलं. काकांनी स्वतःच्या खोलीतली एक काडीही हलवली नव्हती.

माझ्या खोलीत ते ओल्या धोतरानं बसले. मी चहा दिला, तो त्यांच्या हातात तसाच राहिला.

"मास्तर, त्या लोकायुक्ताला तो अधिकार देतील का हो?"

मी म्हटलं, देतीलही.

"तुम्ही यायच्या आधीच्या मोठ्या पुरात मला आकडा दुपारीच कळला होता. घरीसुद्धा बोललो नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हिनं विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? मी तेव्हाही गप्पच. ती धुळ्याला भावाकडे गेली, ती पुन्हा आली नाही."

खाली पाणी भिंतींना आपटत होतं.

"वरून कुणीतरी, सांग म्हणून हुकूम द्यायला हवा होता हो," ते म्हणाले. "मी सगळ्यांत आधी तिला सांगितलं असतं."