भक्कम कडीची खोली

सुधीर कारखानीस शाळेच्या ऑफिसात बसल्या बसल्या झोपला आणि त्या झोपेतच त्याने एका सातवी नापास मुलाच्या दाखल्यावर स्वतःच्या मुलीचे नाव लिहून टाकले. मुलगी सात महिन्यांची होती. हेडमास्तरांनी दाखला फाडला, सुधीरच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे पाहिले आणि विचारले, "घरी सगळं ठीक ना, कारखानीस?"

ठीक कसले, डोंबलाचे! घरी चिमी होती. चिमीला झोप लागे ती फक्त झोळीत. छताच्या कडीला दोर, दोराला जुन्या लुगड्याची झोळी आणि झोळीत चिमी. बरे, नुसती झोळी असून भागत नसे, ती हलावी लागे. हलायची थांबली की चिमी असा टाहो फोडी की पलीकडच्या कापडाच्या कारखान्यातल्या लूमचा खडखडाट ऐकू येईनासा होई. दिवसा विद्युल्लता झोळी हलवी, रात्री सुधीर. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून तो पडल्या पडल्या पाय हलवायचा. आता तर ऑफिसात खुर्चीवर बसला तरी त्याचा उजवा पाय आपोआप हलत असे.

घरात तिसरे माणूस होते ते अण्णा, म्हणजे सुधीरचे वडील. पण अण्णांचे मत असे, की पुरुषाने झोळी हलवली की पोर भित्रे निघते. पोराच्या भल्यासाठी म्हणून ते मागच्या खोलीत निवांत घोरत पडायचे.

त्या दिवशी सकाळी विद्युल्लतेने चहाचा कप दाणकन ओट्यावर ठेवला.

"शनिवारी मी पेणला जाते. आईकडे."

"किती दिवस?"

"परत यायचं ठरवून कोण जातंय? मला झोप हवी आहे. नवरा नसला तरी चालेल, झोप हवी!"

बायकोवर सुधीरचा जीव होता. लग्नाला तीन वर्षे झाली तरी 'विद्युल्लता' हे आख्खे नाव तो हौसेने घ्यायचा, यावरूनच काय ते समजा. तो खालच्या आवाजात म्हणाला, "तशी वेळ येणार नाही. मी आजच काय ते करून टाकतो."

काय करायचे ते त्याने मनाशी ठरवलेच होते. पडघ्याच्या पुढे हायवेपासून आत एक नवे रिसॉर्ट झाले होते. आमराई, आयते जेवण, आणि मुख्य म्हणजे शांतता. तिथे दोन दिवस जायचे. विद्युल्लतेने नुसते झोपायचे, झोळी आपण हलवायची. दोन दिवस डोळा लागला की बाई माणसात येईल आणि पेणचे नाव काढणार नाही. तिला आधी काही सांगायचे नाही, खोली पक्की करून एकदम चकित करायचे.

पण यात दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे खोलीत झोळीपुरती भक्कम कडी पाहिजे. यासाठी गडी इतका दक्ष, की कडीत दोर जातो की नाही हे तपासायला त्याने घरातला झोळीचा दोरच सोडून पिशवीत टाकला. चिमी तेव्हा आंघोळीला गेली होती. दुसरी अडचण अशी, की आदल्या आठवड्यात कल्याणच्या रस्त्यावरच्या एका लॉजवाल्याने त्याला हाकलून दिले होते. "तान्हं पोर नको हो, बाकीची गिऱ्हाइकं पळतात," असे म्हणाला होता तो. तेव्हा सुधीरने कानाला खडा लावला, की खोली हातात येईपर्यंत पोराचे नाव म्हणून काढायचे नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, शर्टाची बटणे वरखाली, अशा अवतारात हा माणूस दुपारी रिसॉर्टच्या दारात उतरला. खांद्यावरच्या पिशवीतून दोराचे टोक बाहेर लोंबत होते.

रिसॉर्टचा मालक दामू पाटील. शेताचा एक तुकडा गोडाऊनला गेला, त्याच्या पैशांतून उरलेल्या आमराईत त्याने खोल्या बांधल्या होत्या. उद्घाटन होऊन महिना झाला नव्हता. गिऱ्हाईक बघून तो हरखला.

"या, या साहेब! फॅमिली हाय ना संगती?"

सुधीर चपापला. "फॅमिली? नाही... म्हणजे, सध्या एकटाच धरा."

"मंग झाडाखालची दावतो. मंडळी असत्यात तिथं, पोरं खेळत्यात, करमल तुमाला."

"नको नको! कोपऱ्यातली द्या. आवाज बाहेर जाणार नाही अशी." चिमीच्या आवाजाची त्याला कल्पना होती.

दामूने त्याच्याकडे जरा निरखून पाहिले. तरी पण धंदा तो धंदा. त्याने वरच्या मजल्यावरची खोली उघडली. गुळगुळीत फरशी, नवी कोरी गादी, खिडकीतून लांबवर डोंगर. सुधीरने यातले काहीही पाहिले नाही. त्याने मान वर केली आणि छत न्याहाळत खोलीभर फिरला.

"कडी नाही का हो?"

"कडी? हाय की, दाराला. ही बगा, आतून मस्त लागते."

"दाराची नव्हे. वरची, छताला."

"वरती फॅन हाय ना साहेब."

"फॅनचा उपयोग नाही. फॅनवर माझा विश्वास नाही. उद्या निसटला म्हणजे?"

दामूला काही उमगेना. तो जिना उतरला आणि त्याने मागची कौलारू खोली दाखवली. तिथे चांगला मांडीएवढा सागवानी वासा आडवा गेला होता आणि मधोमध लोखंडी कडी होती. उद्घाटनाच्या वेळी दिवा टांगायला म्हणून ठोकलेली. सुधीरचा चेहरा सात महिन्यांत पहिल्यांदा उजळला. त्याने खुर्ची ओढली, वर चढला आणि कडीला धरून चांगले तीन हिसके दिले. मग पिशवीतून दोर काढून कडीतून ओवून पाहिला.

"अहाहा! हीच. हीच खोली द्या मला," तो कडी कुरवाळत म्हणाला. "शनिवारी येतो. दोन दिवस, मग मी सुटलो बघा."

"साहेब, खाली उतरा," दामू कसाबसा म्हणाला.

"का?"

"खुर्ची नवी हाय. उतरा आदी."

दामूने त्याचा हात धरून त्याला अंगणात आणले आणि बायकोला हाक मारली. आनंदीबाई हात पुसत बाहेर आली. दामू तिच्या कानाशी लागला. तिने एकदा सुधीरकडे, एकदा दोराकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

"अग बया! तरनाताटा मानूस!"

मग तिने सूत्रे हाती घेतली. सुधीरला आंब्याखालच्या बाजेवर बसवले. पुढ्यात तांदळाची भाकर आणि माशाचे कालवण ठेवले.

"खा भाऊ. पोटात आन्न गेलं का डोस्क्यातलं वंगाळ जातं. बायको हाय?"

"आहे. पण शनिवारी माहेरी चालली आहे."

"भांडन झालं?"

"तिचं काही चुकत नाही हो," सुधीर म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा हातात असतानाच त्याच्या डोळ्यांना पाणी आले. खरे म्हणजे ते जागरणाने आले होते, पण आनंदीबाईला ते कसे कळावे? "माझ्याच्यानं आता होत नाही. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. कधी एकदा शांत पडतोय असं झालंय."

आनंदीबाईने पिशवीतला दोर हळूच काढून घेतला आणि मागे जाऊन विहिरीत टाकला. दामूने खोली पक्की करायची म्हणून सुधीरकडून फोन नंबर मागून घेतला. तो होता शेजारच्या दत्तोपंतांचा. नंबर घेऊन दामू आत गेला. तोवर इकडे सावली होती, वारा होता, पोटात गरम कालवण होते. सुधीर बाजेवर आडवा झाला, आणि पडल्या पडल्या मेल्यासारखा झोपला.

तिकडे भिवंडीत विद्युल्लता सकाळपासून घर उलथेपालथे करत होती. चिमी रडून काळीनिळी झाली होती आणि झोळीचा दोर सापडत नव्हता. "अण्णा, दोर बघितलात का हो दोर?" असे ती विचारत होती, तेवढ्यात दत्तोपंत धावत आले.

"सूनबाई, पडघ्याहून फोन आहे. सुधीर तिकडं एकटाच गेलाय म्हणे. दोर घेऊन. छताची कडी शोधतोय."

विद्युल्लतेला सकाळचे वाक्य आठवले. 'मी आजच काय ते करून टाकतो.' तिने चिमीला कडेवर उचलले. "माझ्या जिभेला हाड नाही हो, अण्णा!"

पुढचे काही विचारू नका. अण्णा उलटा सदरा घालून रस्त्यावर आले आणि एका रिक्षेसमोर आडवेच उभे राहिले.

"चाचा, मरना है क्या?" रिक्षावाला ओरडला.

"मुझे नहीं, मेरे लडके को!" अण्णा रडत म्हणाले. रिक्षावाल्याने पुढे एक शब्द न बोलता रिक्षा अशी हाणली की खड्ड्यांना खड्डे म्हणून मोजले नाही.

रिक्षा आमराईत शिरली तेव्हा सुधीर बाजेवर उताणा पडला होता. तोंड उघडे, एक हात खाली लोंबणारा. विद्युल्लतेने किंकाळी फोडली. त्या किंकाळीने चिमी रडायला लागली, चिमीच्या रडण्याने सुधीरचा उजवा पाय सवयीने हलू लागला.

"पाय हलतोय!" अण्णा ओरडले. "जिवंत आहे!"

सुधीर जागा झाला तेव्हा बायको त्याच्या छातीवर डोके ठेवून हमसून हमसून रडत होती. "मी कुठ्ठे जात नाही हो. पेणचं नाव काढणार नाही. तुम्ही असं काही मनात आणू नका!"

आणि अण्णा, ज्यांनी सात महिन्यांत झोळीला बोट लावले नव्हते, ते चिमीला खांद्यावर घेऊन थोपटत होते. "सुध्या, माझं चुकलं रे. उद्यापासून रात्रीची झोळी माझ्याकडे."

दामूने चार वाक्यांत सगळा प्रकार सांगितला, तेव्हा सुधीरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 'अहो, मी तर झोळीसाठी...' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याने बायकोकडे पाहिले, बापाच्या खांद्यावरच्या मुलीकडे पाहिले, आणि ओठ मिटून घेतले. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केले असते? हवे ते सगळे न मागता पदरात पडत होते. त्याने फक्त एक लांब सुस्कारा सोडला. तो बघून विद्युल्लतेला आणखीच भडभडून आले.

"आता आलायसा तर ऱ्हावा दोन दिस," आनंदीबाई म्हणाली. "मोकळ्या हवेत मन हलकं व्हतं. म्होरची खोली झाडून ठेवलीय."

खोली छान होती. हवा खेळती होती, गादी मऊ होती. विद्युल्लतेने चिमीला मांडीवर घेतले आणि चिमीने झोपेची वेळ झाली म्हणून सूर लावला.

"झोळी बांधू या," सुधीर पट्कन म्हणाला आणि त्याने वर पाहिले. छत तुळतुळीत गोटा होते. पंखाही नव्हता, त्याच्या जागी दोन तारा लोंबत होत्या.

"कडी कुठं आहे?"

"कापली," दामू दारातून म्हणाला. त्याच्या हातात करवतीचे पाते होते. "फॅन उतरवून समद्या खोल्यांच्या कापल्या. मागच्या कौलारूला कुलूप ठोकलंय. निर्धास्त ऱ्हावा."

"आणि माझा दोर?"

आनंदीबाईने विहिरीच्या दिशेने पाहून हात जोडले.

चिमीचा सूर चढत चालला. आंब्यावरचे कावळे उठून गेले. अण्णांनी टाळ्या वाजवल्या, दामूने बकरीचा आवाज काढला, काही उपयोग नाही. सुधीरचा धीर सुटला.

"अहो, ऐका सगळे! मी झोळीसाठी कडी बघत होतो. चिमीची झोळी! दोर झोळीचा आहे, देवाशपथ!"

दामूने करवतीचे पाते हळूच पाठीमागे लपवले.

"मंग आदी बोललात न्हाय त्ये?" दामूने प्रेमाने विचारले. "मी इचारलं फॅमिली हाय का, तर तुमी बोललात एकटाच."

"तान्हं पोर म्हटलं की खोली देत नाहीत म्हणून!"

"माज्या हितं चार नातवंडं लोळत्यात समद्या गाद्यांवर. मी कशाला न्हाय म्हनीन?"

सुधीरने आशेने बापाकडे पाहिले. अण्णांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "हो रे बाळा. झोळीसाठीच. आम्ही कुठं काय म्हणतोय?"

"विद्युल्लता, तुझा तरी विश्वास बसतोय ना?"

"बसतोय हं," ती म्हणाली. चिमीचे दुपटे बदलताना ती ज्या आवाजात बोले, अगदी त्याच आवाजात. मग ती दामूकडे वळली. "दादा, तेवढं ते पातंही घेऊन जा इथून."

संध्याकाळी चिमी शेवटी थकली. रडून रडून ती अण्णांच्या खांद्यावर झोपली, झोळीशिवाय, जन्मात पहिल्यांदा. अण्णांनी तिला अलगद गादीवर ठेवले तरी ती उठली नाही. बाहेर पाखरे गप्प झाली. ना लूमचा आवाज, ना घोरणे. ज्या शांततेसाठी हा सगळा उपद्व्याप झाला, ती खोलीत भरून राहिली. सुधीर गादीच्या कडेला टेकला, त्याचे अंग सैल झाले, डोळे मिटले.

"अहो!" विद्युल्लतेने त्याला गदागदा हलवले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "असे निपचित नका ना पडू! छातीत धस्स होतं माझ्या."

सुधीरने डोळे उघडले. दुसऱ्या बाजूला अण्णा त्याचे मनगट धरून बसले होते.

"आपण पाळ्या लावू, सूनबाई," अण्णा म्हणाले. "दोन दिवस याला डोळ्यांआड करायचं नाही. सुध्या, काहीतरी बोलत राहा बरं."

"काय बोलू?"

"काहीही. नुसता आवाज येऊ दे."

सुधीरने शेजारी गाढ झोपलेल्या मुलीकडे पाहिले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. इतका हेवा त्याला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता. त्याच्या पापण्या पुन्हा जड झाल्या आणि लगेच दोन्हीकडून दोन हात त्याच्या खांद्यांवर पडले.

"जागा आहे," सुधीर म्हणाला. "जागाच आहे मी."