छताला टांगलेला कोट आणि दोन सभ्य प्रोसेसर

सासू-जावयाचं पटत नाही म्हणून बिघडलेली घरं पुष्कळ असतील. हे घर अडायचं ते दोघांचं फारच पटायचं म्हणून. बशीतलं शेवटचं बिस्किट "तुम्ही घ्या", "छे, तुम्हीच घ्या" करता करता मऊ पडायचं आणि कचऱ्यात जायचं.

जावई शाळेत उपमुख्याध्यापक होता. मुख्याध्यापकपदाच्या गेल्या मुलाखतीत त्यानं समितीला सांगितलं होतं, की बाहेर बसलेल्या बाई माझ्यापेक्षा सरस आहेत. समितीला ते लगेच पटलं. त्या बाई आता निवृत्त झाल्या होत्या आणि आज सकाळी पुन्हा मुलाखत होती. ही संधी गेली की संपलंच. आणि त्याचा एकुलता एक कोट, चांगली पँट, इस्त्रीचा शर्ट, सगळं छताला टांगलेलं होतं.

कपडे वाळत घालायची ती दांडी म्हणजे बायकोची करामत. चिपमध्ये घालायचे प्रोग्राम लिहिणं हा तिचा धंदाच. तिनं दांडीला मोटर बसवली, आईसाठी स्वयंपाकघरात एक बटण दिलं आणि नवऱ्यासाठी बाहेरच्या खोलीत एक. दोन्हींना मिळून चिप एकच, पण तिच्या पोटात प्रोसेसर दोन.

"आईचा प्रोसेसर जुन्या घराण्याचा," तिनं नवऱ्याला समजावलं होतं. "त्याला कळणाऱ्या आज्ञा एका कंपनीच्या मालकीच्या. तुझा खुल्या आज्ञांचा. तसला प्रोसेसर कुणीही बनवावा, हव्या त्या आज्ञा वाढवाव्यात, कुणाची परवानगी लागत नाही."

"कुणालाच विचारायचं नाही?" नवरा अस्वस्थ झाला. "बरं दिसतं का ते?"

कपडे नीट वाळावेत म्हणून सासूबाईंनी आदल्या संध्याकाळी दांडी पार पंख्याजवळ चढवली होती. सकाळी बायको कामावर गेल्यावर अर्ध्या चड्डीतल्या जावयानं खाली आणायचं बटण दाबून धरलं. जावईबापूंना उशीर नको म्हणून आत सासूबाईंनीही दाबून धरलं. दांडी जराशी थरथरली आणि तिथंच राहिली.

शिडी आणावी, तर ती शेजाऱ्यांकडे. त्यांनी नेली त्याला वर्ष होत आलं होतं, पण परत मागणं बरं दिसलं नसतं. शेवटी बायकोला फोन लावला.

"दोघंही दाबताय?" तिनं विचारलं. "मग कसं चालेल? मोटर एक, म्हणून दोघांत भांडण नको अशी सोय केलीय मी. एकाला मोटर हवी असेल आणि दुसराही मागतोय असं दिसलं, तर त्यानं माघार घ्यायची. जरा थांबून पुन्हा मागायची."

"मग?"

"मग काय, दोघंही सारखाच वेळ थांबतात. दोघंही एकदम मागतात आणि दोघंही एकदम माघार घेतात." तिला हसू आलं. "लिहिताना डोळ्यांसमोर तुम्हीच दोघं होतात बहुतेक. वीज बंद करून चालू करा, आणि एकानंच दाबा."

वीज गेली, वीज आली. दोघांनीही बटणावरून हात काढले.

"दाबा ना, आई."

"छे, तुमच्या मुलाखतीचं काम. तुम्ही दाबा."

"पण दांडी चढवली तुम्ही. मान तुमचा."

"बरं," दोघंही एकदम म्हणाले आणि दोघांनीही दाबलं. दांडी थरथरली. फोनवर बायकोनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

जावयानं घड्याळाकडे पाहिलं. मग कोटाकडे, आणि मग स्वतःच्या उघड्या पायांकडे. त्याला एकदम रडू येईलसं वाटलं, आणि रडण्याऐवजी तो बोलला.

"आई, बटणावरून हात काढा आणि ओट्यापाशी स्वस्थ उभ्या राहा. विचारत नाही, सांगतोय."

आत सासूबाईंचा हात निघाला, बाहेर त्यानं एकट्यानं बटण दाबलं. मोटर गुरगुरली आणि दांडी शहाण्यासारखी खाली आली.

तो कपडे घालून निघाला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. आपण म्हातारीला दुखावलं, या विचारानं तो वाटभर खजील होता. त्या तंद्रीत समितीपुढं नम्रपणा करायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. "शाळेसाठी पहिलं काय कराल?" या प्रश्नाला "समिती म्हणेल तसं" हे नेहमीचं उत्तर न देता तो सरळ म्हणाला, "गळकं छत दुरुस्त करीन. परवानगी मागत बसणार नाही." समितीनं एकमेकांकडे पाहिलं आणि त्याला तिथल्या तिथं नेमलं.

संध्याकाळी तो चोरासारखा घरात शिरला. बायकोनं प्रोग्राम दुरुस्त करून ठेवला होता. टेबलावर चहा होता आणि शेजारी रिकामी बशी.

"आई, सकाळी मी जरा…"

"शेवटचं बिस्किट मी खाल्लं," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला विचारलं नाही." त्यांनी ओठांवरचा चुरा पुसला. "इतकी वर्षं उगाच मऊ करून फेकत होतो हो आपण."