पाणी ऐकतंय

आमच्या गारखेड्याकडच्या पोहण्याच्या तलावावर "दमलो" म्हणायला बंदी आहे. तशी पाटीबिटी कुणी लावलेली नाय. पण एखाद्या पोरानं पाण्याबाहेर डोकं काढून "ताई, दमलो" म्हटलं, की पोहायला शिकवणाऱ्या सुमनबाई ओठावर बोट ठेवतात अन् हळूच म्हणतात, "श्श! पाणी ऐकतंय."

पोरगं दमलंय हे पाण्याला एकदा कळलं की ते जड होतं, असं त्यांचं म्हणणं. कुणाला रडायचं, कुरकुरायचं, आईबापाशी भांडायचं असलं, तर टॉवेल गुंडाळून बाहेर गाड्या लावतात तिथल्या कडुलिंबाखाली जायचं. मन मोकळं झालं की परत यायचं. नियम सगळ्यांना सारखा. मलाही त्यांनी दोनदा लिंबाखाली धाडलंय.

मी वैजापूरकडचा शेतकरी. शाळा चौथीत सुटली, अन् तिच्यावाचून माझं आजवर काही अडलं नाय. आमच्या वेळी बाप विहिरीत ढकलून द्यायचा, पोरगं एका दुपारीत पोहायला शिकायचं. इथं मुलाकडं राहायला आलो अन् नात सई हिला तलावावर न्यायचं काम माझ्याकडं आलं. बघतो तर पोहण्याचंसुद्धा आठवड्याचं टाइमटेबल!

सुमनबाई शाळेत खेळाच्या बाई होत्या, आता निवृत्त. मूळ देवगाव रंगारीच्या. ठेंगणा बांधा, डोक्यावर पुरुषी टोपी, गळ्यात शिट्टी. शनिवारचा सराव उरकला की त्या पुढचा आठवडा फळ्यावर लिहितात, अन् तोही स्वयंपाकघराच्या भाषेत. सोमवारी भाकरी, म्हणजे लांबलचक, सावकाश, पोटभर पोहायचं. मंगळवारी ठेचा. थोडंच, पण डोळ्यांतून पाणी निघेल इतक्या जोरात. बुधवारी ताक, नुसतं आरामात तरंगत हातपाय हलवायचे. शनिवारी आपसात शर्यती, ती पुरणपोळी. एका नव्या आईनं मंगळवारी डब्यात खरोखरचा ठेचा दिला होता. ते पोरगं त्या दिवशी तलावापेक्षा नळावरच जास्त होतं.

अन् रविवारपुढं कायम एकच शब्द: घर. त्या दिवशी तलावाकडं फिरकायचं नाय.

यंदा जिल्ह्याच्या शर्यती शनिवारी होत्या. पहिल्या दोघांत येईल त्याला पुढं विभागाला जाता येणार. मागल्या साली सई तिसरी आली होती अन् घरापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. रात्री जेवलीसुद्धा नाय. त्यामुळं मी शर्यतीच्या आठवड्याचा फळा बघायला मुद्दाम पुढं जाऊन उभा राहिलो. बाईंनी लिहिलं: सोमवार, अर्धी भाकरी. मंगळवार, चिमूटभर ठेचा. बुधवार, ताक. गुरुवार, ताक. शुक्रवार, लोणी.

माझं डोकंच फिरलं.

"बाई, शर्यत तोंडावर आली अन् तुम्ही पोरांना ताक पाजताय?"

"बाबा, पाणी ऐकतंय."

"ऐकू द्या की! मी काय त्याला भितो?"

"लिंबाखाली चला."

लिंबाखाली त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्याकडं बैलं होती ना?"

"होती. पंचक्रोशीत तशी जोडी नव्हती."

"मग पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांना नांगराला जुंपत होता का?"

"बैल येगळा, पोरगी येगळी!"

"खांदा सारखाच असतो, बाबा."

मी कुणाचं ऐकून गप बसणारा माणूस नाय. दुसऱ्या दिवशी, रविवारीच, सईला उठवलं. "आबा, ताई वरडतील," ती म्हणत होती. "वरडू दे. आपुन जादाचं पोहून येऊ." वॉचमन ओळखीचा, त्यानं फाटक उघडलं.

आत सुमनबाई बसलेल्या. एकट्याच. पाय पाण्यात सोडलेले, शेजारी डबा उघडा, अन् पोळीचा घास हातात तसाच.

"रविवारी घर लिहिलंय ना?" त्या दरडावून म्हणाल्या.

"मग तुमच्यासाठी येगळा फळा हाय का?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. डबा पिशवीत टाकत म्हणाल्या, "आई होती तवर मलाबी रविवार होता. आता तो लई लांबतो." अन् लगेच शिट्टी तोंडाला लावून एवढ्या जोरात फुंकली की वॉचमन धावत आला. "सई! घरी!"

आम्ही परतलो. बाईंनी सांगितलं म्हणून नाय. सईला भूक लागली होती म्हणून.

शुक्रवारी फळ्यावरच्या लोण्याचा उलगडा झाला. प्रत्येक पोराबरोबर घरातलं एक मोठं माणूस बोलावलं होतं. पोरं जरा वेळ पाण्यात खेळली, अंग पुसून पायरीवर ओळीनं बसली. बाईंनी लोण्यात हळद कालवून वाटी फिरवली. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे असेच मळतात अन् त्याच्या कानात आमंत्रण देतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." तसंच करायचं, म्हणाल्या. आपल्या पोराचे खांदे आपणच मळायचे.

शेजारच्या एका पोराची दादी कुरकुरली, "हल्दी का दाग नै जाता जी!" पण नातवाचे खांदे तिनंच सगळ्यांत जास्त वेळ चोळले.

मी सईच्या खांद्यावर हात ठेवला. बैलं विकल्यापासून ते शब्द माझ्या तोंडात आले नव्हते. आधी खांदे दोनदा चोळले, मग कानात आवतण दिलं. लोणी लई थंड होतं.

वाटीत थोडं उरलं. सईनं ते बोटावर घेतलं, बाईंच्या मागं गेली अन् त्यांच्या टी-शर्टावरूनच खांद्याला फासलं. "ताई, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

पोरं खिदळली. बाईंनी सवयीनं ओठावर बोट नेलं, अन् मग तेच बोट खांद्यावरच्या लोण्यावर टेकवलं.

"उद्या नाय," मी म्हणालो, "उद्या शर्यत हाय. परवा या."

शनिवारी सई दुसरी आली. ताकामुळं आली असं मी म्हणणार नाय. ताक नडलं नाय, एवढंच म्हणतो.

रविवारी दुपारी दारात सुमनबाई. टोपी नव्हती, साडी होती. टोपीखालचं डोकं एवढं पांढरं असेल असं कधी वाटलं नव्हतं. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "आवतण होतं," जणू आम्ही विसरलोच असू.

सूनबाईनं पुरणपोळी केली होती. बाई पोटभर जेवल्या, मग भिंतीला टेकून बसल्या. पाय लांब केले. मग अगदी हळू म्हणाल्या, "दमले हो, बाबा."

सईनं हसत ओठावर बोट ठेवलं. मी तिचा हात खाली केला.

"बोला, बाई," मी म्हणालो. "आमच्या नळाला अजून चार दिवस पाणी नाय. ऐकतंय कोण?"