पहिले नंबर, मंग हात

हिरामण कोणतीही वस्तू नंबर टाकल्याशिवाय उघडत नसे. मी पहूरचा, तो शिंदखेड्याकडचा. धुळ्याच्या कॉलेजात बी.ए. करताना आम्ही तीन वर्षं होस्टेलच्या एकाच खोलीत काढली. पहिल्याच रविवारी ढेकणांना कंटाळून मी माझ्या खाटेच्या फळ्या उन्हात टाकायला निघालो, तर हा खडू घेऊन आडवा आला.

"पहिले नंबर, मंग हात!"

सातही फळ्यांवर आकडे पडेपर्यंत त्याने मला खाटेला शिवू दिलं नाही. तोवर ढेकूण दुसऱ्या खाटेवर गेले. दुसरी खाट त्याचीच होती, पण त्याला त्याचं काही नव्हतं.

होस्टेलमध्ये एकच टीव्ही होता, तोही ब्लॅक अँड व्हाइट. तो एकदा ऐन रविवारी बंद पडला. मेकॅनिक मागचं झाकण काढणार, तेवढ्यात हिरामण सहा स्क्रूंना सहा चिठ्ठ्या चिकटवायला बसला. मेकॅनिक वैतागून म्हणाला, "अरे, सगळे स्क्रू सारखेच असतात."

"तुमले सारखा दिसतस. स्क्रूले इचारं का कधी?"

टीव्ही सुरू झाला तेव्हा सिनेमाचं मध्यंतर उलटून गेलं होतं आणि पोरं हिरामणचेच स्क्रू ढिले करायच्या बेतात होती.

शेवटच्या वर्षी आमच्या इतिहासाच्या सरांनी 'ऐतिहासिक वास्तूंचे जतन' असा एक नवा पेपर सुरू केला. तो आम्ही दोघांनीच घेतला. मी घेतला कारण तास दुपारी असायचा आणि सर मार्कांना सढळ होते. हिरामणने का घेतला, हे विचारायची गरज मला वाटली नाही. नंबर टाकायचे मार्क मिळतात म्हटल्यावर तो दुसरं काय घेणार!

प्रात्यक्षिक मात्र त्याच्याच गावात निघालं. गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं. गावातलं महादेवाचं जुनं दगडी देऊळ उतरवून नव्या गावठाणात जसंच्या तसं उभं करायचं होतं. गवंडी दगड उतरवणार आणि त्याआधी आम्ही प्रत्येक दगडावर नंबर टाकून त्याची जागा नकाशात मांडणार. 'उ-२-९' म्हणजे उत्तरेची भिंत, खालून दुसरा थर, नववा दगड. नंबर गेरूने टाकायचे, ऑइलपेंट अजिबात नाही, अशी सरांची सक्त ताकीद होती. दगडाला कायमचा डाग पडता कामा नये.

हिरामणला स्वर्ग दोन बोटं उरला. आमचा मुक्काम गावच्या शाळेत होता; तिथून तो पहाटे जाऊन शिडीवर चढायचा तो जेवायलाच उतरायचा. एक म्हातारे आबा काठी टेकत येऊन विचारायचे, "देवले बी नंबर देस का रे?" हा वरूनच म्हणायचा, "देवना नंबर पहिलाच शे, आबा!"

दगड उतरले, नंबर होतेच म्हणून अंगणात जागा मिळेल तिथे ठेवले. सकाळी ट्रॉली येणार होती. उजाडता उजाडता आम्ही देवळापाशी गेलो. गावातल्या बाया हंडे-कळशा घेऊन दगडांना आंघोळ घालत होत्या. उत्तरेच्या भिंतीचे खालचे दोन थर नारळाच्या शेंडीने घासून लख्ख झाले होते. गेरू ओघळून मातीत गेला होता.

"अक्का, हाई काय कयं!" हिरामण ओरडला.

सोनाअक्का म्हणजे त्यांच्यातल्या सर्वांत वडील बाई. त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "देव काय पारोसा जाई का रे नव्या गावले?"

नकाशा शाबूत होता, पण कुठला दगड कुठला, हे कसं कळणार? सगळे जवळपास सारख्याच मापाचे, काळे, बिननक्षीचे. हिरामणच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मनात हळूच आलं, लावावेत कसेही, कोणाला कळणार आहे? पण त्याचं तोंड बघून मी तो विचार सोडला.

सोनाअक्कांनी त्याच्याकडे बघितलं आणि ओल्या हाताने एका दगडावर थाप मारली. "रडाले काय झायं? हाऊ मना दगड शे. आठे मनं डोकं टेकस."

खरंच, त्या दगडावर केसांच्या तेलाचा वीतभर डाग होता. घासूनही तो गेला नव्हता. उत्तरेला दिवसभर सावली, म्हणून गावातल्या बाया वर्षानुवर्षं त्या भिंतीला टेकून बसत. मग एकेक पुढे झाली. कोणी चुन्याचं बोट पुसायची तो दगड दाखवला, कोणी सुपारी फोडून फोडून खळगा पाडलेला. कोणाच्या डावीकडे कोण बसतं यावरून भांडणंही झाली आणि त्या भांडणांतून थर जुळत गेले. उरलेल्या थोड्या दगडांना टेप लावून आम्ही इंच इंच मोजलं, नकाशातल्या मापांशी ताडलं आणि पुन्हा नंबर टाकले.

एक सोडून. त्यावरही कोणीच हक्क सांगितला नव्हता. हिरामणने टेप लावला नाही, नकाशा बघितला नाही, सरळ 'उ-२-९' लिहून टाकलं. सोनाअक्कांनी ते बघितलं आणि मान डोलावली.

देऊळ नव्या गावठाणात उभं राहिलं. मग होस्टेलवर आम्ही अहवाल लिहायला बसलो. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझं. एक ओळ जरी वाकडी गेली तरी हिरामण अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचा. पुसल्या गेलेल्या दगडांची जागा कोणी सांगितली, त्याचं नाव लिहायचं, असा सरांचा नियम होता. सोनाअक्का, गंगूबाई, द्वारकाबाई अशी नावं लिहीत मी उ-२-९ वर आलो.

"इथे काय लिहू?"

"सुभद्राबाई लिही."

"या कोण? आपण यांना भेटलोच नाही."

"मी भेटेल शे."

"कधी?"

हिरामण पेन्सिलीला टोक करत होता. "आठवीपर्यंत. शाळा सुटनी का माय तठेच बठेल ऱ्हाये. नववीले गऊ, तवय नही व्हती."

तीन वर्षं एका खोलीत राहून मला त्याच्या आईचं नाव माहीत नव्हतं. ती नाही, हेही माहीत नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

मी नाव लिहिलं. ओळ चांगलीच वाकडी गेली. हिरामणने वाकून ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे."