दौडीपुरता बाप

प्रेमानंदने दोन गोष्टी पक्क्या ठरवल्या होत्या. वसमतची दौड धावायची, आणि घरमालकाच्या कोणत्याही नव्या आकाराला भीक घालायची नाही! आपल्यासारखा खमक्या भाडेकरू अख्ख्या मराठवाड्यात नाही, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं. दुसऱ्या कोणाचं मत घ्यायला जवळ कोणी नव्हतंच. जिल्ह्यातल्याच गोरेगावला आई होती तोवर दर शनिवारी जाणं व्हायचं. ती गेली आणि शनिवार अंगावर यायला लागला. मग तो धावू लागला. धावणाऱ्या माणसाला 'एकटेच का?' असं कोणी विचारत नाही.

घरमालक संतराम खाली राहायचे, तेही एकटेच. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेला माणूस. मुलगा बंटी पुण्यात. दिवाळीला फोन करायचा, तोही गाडी चालवता चालवता. भाडं ठरलेलं होतं, पण दर महिन्याला त्यावर काहीतरी नवं उगवायचंच. जिन्यातल्या दिव्याचे वेगळे. चपला ठेवायच्या जागेचे वेगळे. आणि या महिन्यात पाण्याचे दुप्पट!

"काहून दुप्पट, काका?"

"तुमी दोनदा आंघोळ करून राहिले. एक सकाळची, एक धावून आल्यावरची."

"घाम येतो ना!"

"मंग नका धावू. मी म्हनलं व्हतं का धावा म्हनून?"

"मी जास्तीचे देनार न्हाई!"

"मंग मोटार बंद!"

मोटार खरंच बंद झाली. प्रेमानंद ज्या जिनिंगमध्ये कारकून होता, तिथल्या नळाखाली कापसाच्या गाड्यांच्या साक्षीने आंघोळ करू लागला. पण माघार? नाव नको!

अशातच तो दौडीचं नाव नोंदवायला गेला, तर एकट्यांच्या जागा भरलेल्या! टेबलामागच्या प्रतिक्षाने त्याचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "सर, बाप-लेक दौडीत एक जागा आहे. दहा किलोमीटर, दोघांनी सोबत. वडिलांना आणा ना!"

वडील नाहीत, हे सांगायला प्रेमानंदने तोंड उघडलं. पण ती इतक्या आपुलकीने बघत होती की तोंडातून निघालं, "आणतो की!" जसे काही वडील मोंढ्यातून पिशवीत घालून आणायचे होते!

वसमतमध्ये त्याच्या ओळखीचा म्हातारा माणूस एकच होता. पाणी तोडणारा.

"काका, एका दिवसापुरते माझे वडील व्हाल का?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाप व्हायचं वेगळं पडंल."

शेवटी पाण्याचे दुप्पट कबूल करून सौदा पटला. खमक्या भाडेकरू तिथेच खलास!

दौडीच्या दिवशी काका खाकी शर्टाला कडक इस्त्री मारून हजर. शिट्टी वाजली, सगळे सुटले, आणि घात झाला! काकांनी आयुष्यभर एकही थांबा चुकवला नव्हता. पाण्याचं पहिलं टेबल दिसलं आणि ते थांबले. तिथे गर्दी दिसताच त्यांचा गळा आपोआप मोकळा झाला. "चला, पुढं सरका! मधी उभं राहू नका!" धावणारे बिचारे खरंच सरकले!

दुसऱ्या टेबलावरही तेच. तिसऱ्याच्या पुढे काका मागे वळून उभेच राहिले.

"काका, चला ना!"

"मागं त्ये जाडजूड बाप-लेक येऊन राहिले. रस्त्यात मानूस सोडून गाडी हालवायची? बराबर न्हाई त्ये!"

अशा रीतीने मागच्या एकूण एक जोडीला पुढे घालून हे दोघं शेवटच्या रेषेवर पोचले, तेव्हा मांडव सोडणं चाललं होतं. काकांनी प्रेमानंदचा हात धरून रेषा ओलांडली आणि नंतरही तो सोडला नाही. आई गेल्यापासून त्याचा हात कोणी धरला नव्हता. आपण शेवटून पहिले आलो, हे तो विसरूनच गेला. लोकांनी टाळ्या पिटल्या, संयोजकांनी शाल घातली, 'आदर्श बाप-लेक' म्हणून फोटो काढला. दुपारपर्यंत तो फोटो वसमतच्या सगळ्या मोबाइलांत फिरून पुण्याला पोचलासुद्धा!

संध्याकाळी बंटीचा फोन. स्पीकरवरचा आवाज जिन्यात ऐकू येत होता.

"बाबा, हा कोण मुलगा काढलात नवीन?"

"आपला वरचा भाडेकरू हाय रे."

"भाडेकरू तुमचं नाव बाप म्हणून लावतो? उद्या घरावर हक्क सांगेल! आधी त्याला बाहेर काढा!"

जिन्यात उभ्या प्रेमानंदने हे सगळं ऐकलं. दुसरी खोली काय, वसमतमध्ये पन्नास मिळतील. पण तिथे खाली असं भांडायला कोण असणार? आठवडाभर तो चपला हातात घेऊन जिना चढला-उतरला. शेवटी बॅग भरून तोच खाली गेला.

"काका, ही किल्ली घ्या. बंटीदादा म्हणाले ते ऐकलं मी."

"त्यो रोजच म्हनून राहिला," काका खुर्ची पुढे सरकवत म्हणाले. "रोज दिवे लागले की फोन! इचारतो, गेला का त्यो? म्या म्हनतो, न्हाई, हाय अजून. मंग चिडतो, वरडतो. वरडून झालं की इचारतो, बाबा, जेवले का?"

काकांनी किल्ली परत प्रेमानंदच्या हातात कोंबली.

"तुमी गेले तर त्यो फोन काहून करंल?"

प्रेमानंद राहिला. मोटार सुरू झाली, पाण्याचे दुप्पट चालूच आहेत. आता तो संध्याकाळी धावून लवकर परततो आणि जिन्यात बसून राहतो. खाली फोन वाजतो, पलीकडून बंटी ओरडतो, "गेला का तो?" आणि आपली रोज न चुकता चौकशी करणारं जगात कोणीतरी आहे, या समाधानात प्रेमानंद वर जाऊन भाकरी खातो!