तांबे, छाया आणि लाल दिवा

मंडळी, मी एकदा ठरवलं की ठरवलं! भट्टी नको, उकळणं नको. घरातल्या साध्या लाल बल्बच्या मंद उजेडात दोन रेणू जोडून दाखवायचे! मधे मध्यस्थ म्हणून चिमूटभर तांबे. धातूचं इथे लग्न जुळवणाऱ्या काकांसारखंच असतं. दोघांना जोडायचं, चहा प्यायचा आणि आलं तसं परत जायचं.

ही शहाऐंशीची गोष्ट. पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होतो आणि संत्र्याचे व्यापारी रघुनाथराव यांच्याकडे भाड्याने राहत होतो. त्यांची मुलगी छाया मला फार म्हणजे फारच आवडायची! प्रयोग जमला, नाव झालं, की लगेच मागणी घालायची, असा पक्का बेत होता.

पण मला पुस्तकी बोलायची खोड. लोक 'तांबं' म्हणतात, मी 'तांबे'. लोक 'सावली' म्हणतात, मी 'छाया'. या खोडीनेच घात केला!

त्या दिवशी लॅबमधला गुणवंता सायकलवरून फाटकाशी आला. मी अंगणातूनच ओरडलो, "गुणवंता, तांबे कधी येते?"

"सोमवारच्या पॅसेंजरनं, सर! नागपूरहून!"

"आले की सरळ छायेत! उन्हानं बिघडते. मग लाल दिवा लावू, अन् जुळलंच समज!"

ओट्यावर रघुनाथरावांच्या आत्या देवकाबाई वाती वळत होत्या. कानांनी अधू, पण उत्साह दांडगा! त्यांनी नेमकं तेवढंच टिपलं: तांबे, सोमवार, छाया, जुळलंच!

आता दुर्दैव बघा. सौसरहून बदलून आलेला मुकुंद तांबे नावाचा एक ओव्हरसियर गावात होता. घर नागपूरला. दर सोमवारी पॅसेंजरने यायचा!

सोमवारी तांबे आले. मी ते काचेच्या चंबूत घालून लाल दिवा लावला आणि वाट पाहत बसलो, तोच संध्याकाळी दार वाजलं. पाहतो तर रघुनाथराव, देवकाबाई आणि मधे नव्या बुशशर्टातला तांबे!

"वा सर!" रघुनाथरावांनी मला मिठीच मारली. "आमाले पत्ता नाही, अन् तुम्ही पोरीचं जुळवून राहिले! पोराले स्टेशनवरूनच घेऊन आलो. तोही तयार आहे!"

"अहो, तांबे म्हणजे... धातू!"

"हो न! पाहताच ओळखलं मी. पोरगा पक्क्या धातूचा आहे!"

"पण छाया म्हणजे सावली हो!"

"सावलीसारखीच राहील बाप्पा त्याच्या संगं!" देवकाबाईंनी डोळे पुसले.

आता एकच आशा उरली होती. छाया स्वतःच नाही म्हणेल! ती चहा घेऊन आली, माझ्यासमोर वाकली आणि हळूच म्हणाली, "सर, आमच्या दोघांचं तुमाले कसं कळलं हो? मी तर कोणालेच सांगतलं नव्हतं!"

कपातला चहा माझ्या पँटवर सांडला. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. मान वळवली तर चंबूच्या तळाशी पिवळे स्फटिक चमकत होते. प्रयोग जमला होता! पण सांगू कोणाला?

लग्नात मध्यस्थ म्हणून मला टॉवेल-टोपी मिळाली. मी चहा प्यायलो आणि आलो तसा खोलीवर परत गेलो!