निंबाजीने आपल्याच लग्नात अक्षता टाकिल्या, ते वर्तमान

श्री कुलस्वामिनी समर्थ. जिने लोखंडास धार दिली आणि माणसास जीभ दिली, आणि कोणते केव्हां चालवावे हे ज्याचे त्याजवर सोडिले, तीस नमन करोन लिहितो ऐसे जे: शके सोळाशें एक्कावन, सौम्य नाम संवत्सरीं, माघ मासीं, एका राज्यात सुभानराव महाराज गादीवर होते. राज्याचे नाव लिहीत नाही, तेथील माणसे फार मानी. महाराजांचे वय कोवळे, स्वभाव मोकळा, आणि नाद एकच, कबुतरांचा. शेजारी दुसरे राज्य होते आणि दोहोंच्या मध्ये एक घाट होता, आणि त्या घाटासाठी दोन पिढ्या माणसे मरत आली. मग शहाण्या मंडळींनी विचार केला की शेजारच्या राजाची कन्या मंजुळाबाई महाराजांस द्यावी आणि भांडण मिटवावे. उभयपक्षी मान्य जाहले, मुहूर्त निघाला, आणि नेमकी त्याच सुमारास महाराजांच्या पांढऱ्या जोडीने अंडी घातली. महाराज म्हणाले, "आम्ही येत नाही. खांडा पाठवा." त्या मुलखी रीतच होती की राजास सवड नसेल तर त्याची तरवार पाठवावी, तिला मुंडावळ्या बांधाव्या, पाटावर उभी करावी आणि वधूचे लग्न तरवारीशी लावावे. मग ज्याची तरवार त्याची ती बायको. वधूपक्षास कळविले की महाराज मोहिमेवर आहेत. मोहीम कोठे, हे कोणी विचारिले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

खांडा नेण्याचे काम निंबाजी शिलेदारास सांगितले. निंबाजी कुळाने चांगला, दौलतीने बेताचा, लग्न न जाहलेला, आणि खोटे बोलता न येणारा, म्हणोन दरबारी त्याची बढती राहिली होती. सोबत राजपुरोहित गोविंदभट दिले, आणि स्वार, पालखी, वाजंत्री दिली. वाटेत नदी लागली. नावेत घोडी चढविली आणि ऐन डोहावर एक घोडी बुजली, आणि नाव कलली, आणि निंबाजीने भटजींस धरिले तेव्हां खांद्यावरचा खांडा सुटोन पाण्यात गेला. नावाडी आणि स्वार घोडी आवरीत होते, त्यांनी पाहिले नाही. डोह किती खोल ते कोणी मोजिले नव्हते, म्हणोन येथे लिहीत नाही. इतके खरे की निंबाजीने तीनदा बुडी मारिली आणि तळ लागला नाही. पैलतीरी ओला उभा राहोन तो म्हणाला, "भटजी, माझे डोके गेले." भटजी म्हणाले, "डोके तुझे जाईल, पण मुहूर्त दोन्ही राज्यांचा जाईल. रिकाम्या हाताने गेलो तर म्हणतील, आमच्या मुलीचा अपमान केला, आणि पुन्हा घाटात मुडदे पडतील. तुझ्या कमरेस काय आहे?"

"माझा खांडा."

"मग झाले तर! लोखंड ते लोखंड. जरीची गवसणी पेटीत आहे ती चढवू. मूठ साधी दिसते, तिजवर फुले बांधू."

"भटजी, हे खोटे होईल."

"तू बोलू नकोस. तू फक्त धर."

याप्रमाणे निंबाजीने फक्त धरिले. वधूच्या नगरी मोठा थाट जाहला. खांडा पाटावर, मुठीवर झेंडूचा एवढा ढीग की वर कोणता आणि हार कोणता ते समजेना, आणि समोर मंजुळाबाई शालू नेसोन उभ्या. मंगलाष्टके म्हटली. निंबाजी खांड्यामागे चवरी ढाळीत उभा होता, आणि अक्षतांचे ताट पुढे आले तेव्हां त्यानेही मूठभर घेऊन वधूच्या डोकीवर टाकिल्या. मग चाकरांच्या पंक्तीस बसोन चार जिलब्या खाल्ल्या. पाचवी हातात असता त्याचे मनात एक विचार आला आणि हात तेथेच राहिला. तो उठोन भटजींकडे गेला आणि म्हणाला, "भटजी, रीत काय आहे? बायको कोणाची?"

भटजी भाताचे आळे करीत होते. म्हणाले, "ज्याचा खांडा त्याची. एवढेही ठाऊक नाही?"

"खांडा कोणाचा?"

भटजींनी वर पाहिले. ताटात वरण वाहोन चालले तरी त्यांस समजले नाही. म्हणाले, "अरे देवा."

"मी अक्षता टाकिल्या, भटजी. माझ्याच बायकोवर."

"हळू बोल! हे तुला ठाऊक, मला ठाऊक. आपण राजधानीस पोचलो की शस्त्रागारातून दुसरा खांडा काढू आणि बदलू. तोंवर ती राणी, तू चाकर."

दुसरे दिवशी वधू घेऊन परत निघाले. वाटेच्या रीती दोन होत्या. खांडा पालखीत वधूजवळ ठेवावा आणि जेवताना पहिला घास त्यास दाखवावा, तो घास मागाहून खांडेकऱ्याने खावा. आणि वधूस नवऱ्यास काही पुसणे असल्यास तिने खांड्यास पुसावे, आणि खांडेकऱ्याने खांड्याच्या वतीने उत्तर द्यावे. बहुतेक वधू लाजोन काही पुसत नसत. मंजुळाबाईंस लाज होती, परंतु जिज्ञासा तिजहोन मोठी होती. पहिल्याच मुक्कामी त्यांनी मुठीवरची फुले काढिली आणि पडद्याआडोन विचारिले, "निंबाजीराव, स्वारीस विचारा, राजाची मूठ आणि साध्या लोखंडाची कशी?"

निंबाजी घामाघूम जाहला. मग म्हणाला, "स्वारी म्हणते, सोन्याची मूठ घामाने निसटते. लढणाऱ्याची लोखंडाचीच बरी."

"स्वारी शहाणी आहे," असे आतोन आले.

मग रोज पुसणे सुरू जाहले. स्वारीस पोहता येते काय? स्वारीस आंबा आवडतो की फणस? स्वारीस राग आला तर किती वेळ टिकतो? निंबाजीस महाराजांच्या आवडी ठाऊक नव्हत्या आणि खोटे जमत नव्हते, म्हणोन तो आपलीच उत्तरे देत गेला. फणस, असे म्हणाला. राग दुपारपर्यंत टिकतो, जेवल्यावर जातो, असे म्हणाला. आतोन हसू आले आणि घोड्यावरल्या निंबाजीस ते ऐकोन दिवसभर बरे वाटत राहिले, आणि बरे वाटले म्हणोन वाईट वाटत राहिले. एके दिवशी घासाला मिरचीचा ठेचा लाविला होता. जेवणे झाल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "स्वारीस आजचा घास तिखट लागला काय? डोळ्यांस पाणी आले होते."

"खांड्यास डोळे नसतात, बाईसाहेब."

"मग पाणी कोणाच्या डोळ्यांस होते?"

निंबाजी घोडीचा तंग आवळावयास गेला. तंग आवळलेलाच होता.

पुढले मुक्कामी बाईसाहेबांनी पडदा थोडा सारोन खांडा मांडीवर घेतला होता आणि मुठीत उजवा हात घालोन पाहात होत्या. मुठीच्या आतली गादी घामाने झिजोन खळगे पडले होते, आणि बोटे त्या खळग्यांत बसेनात. मग त्यांनी डावा हात घातला. बोटे बरोबर बसली. क्षणभर विचार केला आणि विचारिले, "महाराज डावखुरे आहेत काय?"

"नाही, बाईसाहेब. उजवे." तोंडातोन खरे निघोन गेले.

"बरे. तो ऊस दिसतो, त्याचे कांडे तोडोन द्या."

निंबाजीने कमरेची सुरी काढिली आणि उसाचे कांडे तोडिले, आणि देताना पाहतो तो बाईसाहेबांची नजर उसावर नव्हती, त्याच्या डाव्या हातावर होती. पडदा पडला. त्या दिवशी स्वारीस काही पुसणे जाहले नाही. निंबाजीस विचार पडला. आता बोलावे तर मस्तक जाते आणि कदाचित घाटही पेटतो. न बोलावे तर आपली लग्नाची बायको आपल्याच हाताने दुसऱ्याच्या दारी पोचवायची. आणि ती आता नुसती लग्नाची राहिली नव्हती. तिचे हसणे कोणत्या क्षणी सुरू होते हे त्यास ठाऊक झाले होते.

राजधानीबाहेरल्या शेवटल्या मुक्कामी भटजी पहाटेस पुढे जाऊन आले आणि शालीखालोन सोन्याच्या मुठीचा खांडा काढिला. म्हणाले, "शस्त्रागारातला. कोणी ओळखणार नाही. जा, तुझा काढोन आण." निंबाजी पालखीपाशी गेला आणि म्हणाला, "खांडा पुसावयास पाहिजे, बाईसाहेब." पडद्यातोन दोन हात आले, त्यांवर खांडा आडवा. घेऊ लागला तो हात लवकर सुटेनात. आतोन विचारिले, "स्वारीचे मजसाठी काही सांगणे आहे?"

रीतीप्रमाणे उत्तर देणे भाग होते. निंबाजीने तोंड उघडिले, आणि काही निघाले नाही, आणि मिटले. मग हात सुटले.

त्याने आपला खांडा आपल्या कमरेस लाविला, सोन्याच्या मुठीचा गवसणीत घातला, आणि नगरात मिरवणूक निघाली. राजवाड्याच्या दरवाजात सुभानराव महाराज उभे होते, वर सज्जात आईसाहेब बसल्या होत्या, आणि लोक इतके लोटले की झाडांवर चढले. रीत ऐसी की राजाने खांडेकऱ्याच्या हातोन खांडा घ्यावा, उंबऱ्यात आडवा धरावा, आणि वधूने तो ओलांडोन घरात यावे; ओलांडला की मागे फिरणे नाही. मंजुळाबाई पालखीतोन उतरल्या आणि उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. कोणाकडेही पाहिले नाही. महाराजांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "आण." निंबाजीने खांडा पुढे धरिला, महाराजांनी धरिला, आणि ओढिला, तो येईना. महाराजांस वाटले गवसणी अडकली. पुन्हा ओढिला. निंबाजीची बोटे काही केल्या उघडेनात.

"सोड की रे," महाराज हळूच म्हणाले. "लोक पाहतात."

"सुटत नाही, महाराज."

"काय जाहले तुला?"

मागे भटजी खोकू लागले. निंबाजीने एकदा आभाळाकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाला, "महाराज, हा खांडा लग्नाचा नव्हे. आपला खांडा मजकडोन नदीत बुडाला. लग्न ज्याशी लागले तो माझ्या कमरेस आहे. तो माझा आहे." आणि वाजंत्री थांबली, आणि सनईवाल्याचा एक सूर तेवढा चुकोन पुढे गेला आणि तोही थांबला.

आईसाहेब सज्जातोन ओरडल्या, "याचे मस्तक मारा!" महाराज म्हणाले, "थांबा, आईसाहेब. भटजी, इकडे या. ज्याचा खांडा त्याची बायको, हे खरे?" भटजी पुढे येऊन म्हणाले, "खरे, महाराज." "मग मस्तक मारिले तर शेजारच्या राजाची कन्या माझ्या दारात विधवा होते. आणि न मारिता हिला घरात घेतली तर मी चाकराची बायको पळविली, असे होते. भटजी, तुम्ही फार विचार करोन काम केलेत." मग महाराज वधूकडे वळले आणि पुसिले, "हे आपणांस आजच कळले?"

मंजुळाबाई म्हणाल्या, "नाही. वाटेत कळले."

"मग बोलला का नाहीत? आपल्या बोलण्याने हा केव्हांच सुटता किंवा केव्हांच मरता."

"वाटेने हा खांड्याच्या वतीने पुष्कळ बोलला, महाराज. स्वतःच्या वतीने बोलतो की नाही, ते पाहणे होते. न बोलता तर मी उंबरा ओलांडला असता आणि आपल्या घरी नीट नांदले असते. न बोलणारा नवरा आणि दुसऱ्याचे घर, यांत मला फार फरक वाटत नाही."

महाराजांनी वधूकडे नीट पाहिले, बहुधा प्रथमच पाहिले, आणि आपण काय गमाविले ते त्यांस समजले असावे, कारण चेहरा उतरला. मग म्हणाले, "आम्ही आपण जाण्याचे टाकोन लोखंड पाठविले. लोखंडाने आपले लग्न केले. फिर्याद कोणावर करू?" मग हुकूम दिला तो ऐसा: निंबाजीने राजचिन्ह बुडविले आणि दुसरे मिरविले, सबब दरबारची चाकरी गेली. त्याने घाटातल्या किल्ल्यावर जाऊन राहावे आणि वाट राखावी. कारभारी कुजबुजले की ही शिक्षा की बक्षीस? महाराज म्हणाले, "एका अंगास त्याचा सासरा, दुसऱ्या अंगास त्याचा धनी. घाटात आता भांडेल कोण? आणि हो, स्वयंपाक जाहलाच आहे, तर जेवोन जा."

निंबाजी अजोन सोन्याच्या मुठीचा खांडा धरोनच उभा होता. मंजुळाबाई त्याजपाशी गेल्या आणि हलकेच म्हणाल्या, "आता तो द्या त्यांस परत, आणि चला. की मी पालखीत बसोन पुसू?"

"नको," निंबाजी म्हणाला. "पालखी नको. माझ्या घोडीवर बसा." हे त्याचे आपल्या वतीने दुसरे बोलणे, आणि हे पहिल्याहोन सोपे गेले.

एकंदर इतके घडले. बाईसाहेबांचे वडील रागावोन वर्षभर मुके राहिले, मग लोणच्याच्या बरण्या धाडिल्या. सुभानराव महाराजांनी खांडा पाठविण्याची रीत बंद केली आणि पुढल्या साली आपल्या लग्नास आपण घोड्यावर बसोन गेले, पाठ धरली तरी परतले नाहीत. घाटातली वाट उघडी आहे, बैल येतात जातात. ऐकिले तितके लिहिले, पदरचे घातले नाही. लेखनसीमा.